सूनबाईचा रक्तदाब आणि माझी चूक

ही हकीकत लिहावी की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करत होते. आपल्या घरातली चूक चारचौघांत कोण सांगतो? पण माझ्या नातीचा पहिला वाढदिवस झाला. चाळीतली मुले जमली, केक कापला, आणि सूनबाईने तिला आणून माझ्या मांडीवर बसवले. तेव्हा मनात आले, त्या संध्याकाळी माझेच म्हणणे चालले असते तर ही पोर आणि तिची आई, दोघीही आज या खोलीत नसत्या. म्हणून लिहिते आहे. एखाद्या घरातली सासू हे वाचेल आणि माझ्यासारखे बोलण्याआधी थोडी थांबेल, एवढीच अपेक्षा.

मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. औषधाच्या कारखान्यात बाटल्या पॅकिंग करण्यात माझे आयुष्य गेले. औषधे हाताखालून जायची, पण आजार कळायचे नाहीत. आमची खोली मुंबईच्या पूर्व उपनगरात आहे. घरात मी, मुलगा आणि सून. मालक जाऊन सहा वर्षे झाली.

माझ्या थोरल्या बहिणीचे आधी सांगितले पाहिजे. ती १९८४ साली गेली. आमचे गाव सातारा जिल्ह्यात, डोंगराच्या पायथ्याला. अक्काला आठवा महिना होता. पाय सुजले होते, तोंडही सुजले होते. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, “पहिलटकरीण हाय, सूज यायचीच.” मग तिचे डोके दुखायला लागले. दोन दिवस ती डोक्याला फडके बांधून पडून राहिली. तिसऱ्या दिवशी पहाटे तिला झटके आले, दातखीळ बसली. कोणी म्हणाले, बाहेरचे आहे. आमच्या घरात देवदेवस्की सोडल्याला अठ्ठावीस वर्षे झाली होती, तरी त्या पहाटे घाबरलेल्या माणसांनी कोणाकडून तरी अंगारा आणलाच. दुपारी जीप मिळाली. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत अक्का पोचली नाही.

त्या सगळ्या दिवसांत तिच्या दंडाला पट्टा बांधून कोणी रक्तदाब मोजला नव्हता. मोजायचे यंत्र गावात नव्हते, आणि निरोप पाठवायला फोनही नव्हता. हे मी चाळीस वर्षे सगळ्यांना सांगत आले. पण माझ्याच घरात यंत्र आले, फोनही आला, आणि तरीसुद्धा तसेच व्हायची वेळ आली. ती माझ्यामुळे आली.

२०२४ च्या नोव्हेंबरात सूनबाईला सहावा महिना लागला होता. महापालिकेच्या दवाखान्यात तपासणीला गेलो तर रक्तदाब १४२/९२ निघाला. डॉक्टरबाईंनी तिला बसवून ठेवले आणि पुन्हा मोजला. तो १४६/९४ भरला. त्यांनी समजावून सांगितले की, वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे राहिला की गरोदर बाईचा रक्तदाब वाढला असे धरतात. पाचव्या महिन्यानंतर असा वाढलेला रक्तदाब सोडून द्यायचा नसतो. लघवी तपासली, तीत प्रथिने नव्हती. लॅबेटॅलॉल नावाची गोळी सकाळ-संध्याकाळ सुरू झाली.

मी लगेच म्हटले, “माहेरहून सुकट-बोंबील येतात ना, ते खाऊन झाले असणार.” डॉक्टरबाई हसल्या. म्हणाल्या, “मावशी, खारट कमीच खाऊ द्या. पण हे बोंबलाने झालेले नाही आणि तिच्या चिडण्यानेही नाही. या दुखण्याचे मूळ बहुतेक वेळा वारेत असते. तिला बोल लावू नका. तिचे आकडे मात्र रोज माझ्याकडे आले पाहिजेत.”

रोज दवाखान्यात कसे जाणार? तेव्हा आमच्या वस्तीच्या आरोग्य सेविकेने मार्ग काढला. घरी यंत्र घ्यायचे, दिवसातून दोनदा मोजायचे, यंत्रावरच्या आकड्याचा मोबाईलने फोटो काढून तिला पाठवायचा. ती रोजच्या रोज बघणार, काही जास्त वाटले तर त्याच वेळी डॉक्टरबाईंना विचारणार. माझ्या भिशीचे पैसे आले होते. त्यातून अठराशे रुपयांचे दंडाला बांधायचे यंत्र घेतले. सेविकेने ते आधी दवाखान्यात नेऊन डॉक्टरबाईंच्या यंत्राशी ताडून बघितले. तीन-चारचा फरक होता, म्हणजे चालण्याजोगे होते.

मोजायचे कसे, तेही तिने शिकवले. आधी लघवीला जाऊन यायचे. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटे गप्प बसायचे. पायावर पाय टाकायचा नाही. बाही वर करून पट्टा उघड्या दंडाला बांधायचा, हात टेबलावर काळजाच्या उंचीला ठेवायचा. मोजताना बोलायचे नाही. एकदा मोजून झाले की मिनिटभर थांबून पुन्हा मोजायचे आणि दोन्ही आकडे तारीख-वेळ घालून वहीत लिहायचे. दंड जाड असेल तर मोठा पट्टा लागतो, नाहीतर आकडा खोटाच वाढून दिसतो. आमच्या घरात टेबल नाही. आम्ही पाण्याच्या पिंपावर फळी टाकून त्यावर उशी ठेवायचो.

सगळे व्यवस्थित ठरले होते. अडचण निघाली ती फोनची.

आमच्या घरात मोठा फोन एकच, मुलाचा. तो पार्सल पोचवायचे काम करतो. फोनवरच ऑर्डर येते, फोनवरच रस्ता दिसतो. फोन नाही तर त्या दिवसाची कमाई नाही. सकाळी नऊला तो फोन खिशात घालून जायचा, तो रात्री अकराला यायचा. सूनबाईचा जुना फोन पडून फुटला होता आणि दुरुस्तीचे पैसे “पुढच्या महिन्यात” होते. माझा बटणाचा फोन फक्त येणाऱ्या फोनपुरता. त्यामुळे सकाळचा आकडा मुलगा घरी असताना जायचा, आणि संध्याकाळचा आकडा रात्री अकरापर्यंत वहीत पडून राहायचा. मला त्यात काही वावगे वाटले नाही. मी म्हणायची, “रात्री का होईना, जातोय ना?”

आणखी एक गोष्ट मागाहून कळली. सरकारची ‘किलकारी’ नावाची सेवा आहे. देशात ती २०१६ साली सुरू झाली आणि २०२४ साली महाराष्ट्रात आली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे ७२ निरोप फोनवर फुकट ऐकवले जातात. वाचता न येणाऱ्या बाईलाही ते कळावेत, अशी ती सोय आहे. पण फोन येतो तो नाव नोंदवताना दिलेल्या नंबरवर. नाव नोंदवताना आम्ही मुलाचा नंबर दिला होता. भर ट्रॅफिकमध्ये फोन वाजायचा, आणि कर्ज देणाऱ्या कुठल्या तरी कंपनीचा असेल म्हणून तो कट करायचा. जिच्यासाठी निरोप होता, तिच्या कानापर्यंत तो कधी गेलाच नाही.

डिसेंबरात माझा भाचा आला. सूनबाई दंडाला पट्टा बांधून बसलेली बघून म्हणाला, “मावशी, आता हे कशाला? माझ्या फोनमध्ये ॲप आहे. कॅमेऱ्यावर बोट ठेवलं की प्रेशर दिसतं.” तिने बोट ठेवले, ११९/७८ आले. यंत्र १४८/९६ दाखवत होते. खरे सांगते, मला ११९ आवडले. मी म्हटले, “बघ, यंत्रच बिघडलेलं आहे. उगाच पोरीच्या हाताला काच.” दोन दिवस मी यंत्र डब्यावर ठेवून दिले. सेविकेकडे फोटो गेले नाहीत म्हणून ती स्वतः दारात आली. तिने भाच्याच्या फोनवर आपले बोट ठेवले, मग माझे ठेवले. सगळ्यांचे आकडे जवळपास सारखेच! मला तर बारा वर्षे रक्तदाबाची गोळी चालू आहे. पुढे डॉक्टरबाईंनी सांगितले की, २०१६ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी असे एक ॲप तपासले होते. रक्तदाब वाढलेल्या दहापैकी जवळजवळ आठ जणांना ते “ठीक आहे” असेच सांगत होते. रक्तदाब मोजायला दंडाचा पट्टाच लागतो. फोनचे काम तो आकडा पोचवण्याचे.

आता त्या संध्याकाळचे सांगते. २०२५ चा जानेवारी महिना, तेहतिसावा आठवडा चालू होता. सकाळपासून सूनबाईचे डोके ठणकत होते. मी बाम चोळून दिला. दुपारी म्हणाली, “आई, डोळ्यांपुढं काजवे चमकल्यासारखं होतंय.” मी म्हटले, “जागरण झालंय, पड जरा.” सात वाजता मोजले तर १५८/१०४. ती म्हणाली, “सेविकाताईंना कळवायला पाहिजे.” मी म्हटले, “तो येईल अकराला, तेव्हा फोटो पाठव. आता कोणाच्या दारात फोन मागत फिरायचं? शेजारणीला कळलं की सगळ्या चाळीला कळतं.”

मायबहिणींनो, हे शब्द माझे आहेत. जिची बहीण डोक्याला फडके बांधून मेली, त्या बाईचे हे शब्द. गरिबाला आपली अडचण शेजाऱ्याला दिसू नये असे वाटत असते. त्या लाजेपुढे मला अक्काही आठवली नाही.

सूनबाई कधी मला उलट बोलत नाही. त्या दिवशी मात्र भिंतीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, “आई, आकडा माझा आहे. पाठवायचा की नाही ते मी ठरवते.” तिने दारातूनच शेजारच्या दहावीतल्या मुलीला हाक मारली. मुलगी आपल्या आईचा फोन घेऊन आली, यंत्राचा फोटो काढला, वहीतून सेविकेचा नंबर घेऊन पाठवला. खाली लिहिले, “डोके दुखते. डोळ्यांपुढे चमकते.”

चार-पाच मिनिटांत सेविकेचाच फोन आला. “तिला शांत बसवा, परत मोजा, मी फोन ठेवत नाही.” परत मोजले. १६४/११०. मग तिचा आवाज बदलला. म्हणाली, “१६०/११० च्या पुढं गेलं म्हणजे आता वाट बघायची नाही. स्वयंपाक, कपडे काही बघू नका. मी १०८ ला सांगते, तुम्ही तिला घेऊन हळूहळू नाक्यावर या. यंत्र, वही आणि गरोदरपणाचं कार्ड बरोबर घ्या.” आमच्या गल्लीत गाडी येत नाही. शेजारणीने एका बाजूने धरले, मी दुसऱ्या बाजूने. जिला कळू नये म्हणत होते तीच बाई अनवाणी आमच्याबरोबर नाक्यापर्यंत आली.

मोठ्या रुग्णालयात डॉक्टरांनी वही मागितली. दोन महिन्यांचे आकडे त्यांनी उभ्या-उभ्या वाचले. लघवीत आता भरपूर प्रथिने होती. रक्तदाब उतरवण्याचे औषध शिरेतून दिले, आकडी येऊ नये म्हणून मॅग्नेशियमचे इंजेक्शन दिले, बाळाची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून वेगळे इंजेक्शन दिले. मी एका डॉक्टर मुलीला विचारले, “चार तासांनी आणली असती तर?” ती म्हणाली, “ते नक्की कोण सांगणार, आजी? पण ही आकडी येण्याआधीची लक्षणं होती. आकडी आली की आई आणि बाळ, दोघांच्याही जिवाला धोका असतो.” ज्याला आमच्या गावात बाहेरचे म्हणत होते, त्याचे खरे नाव मला त्या दिवशी चाळीस वर्षांनी कळले. मी जिन्यात जाऊन अक्कासाठी रडले.

रक्तदाब काही आटोक्यात राहीना. तिसऱ्या दिवशी सिझेरियन करून मुलगी झाली, वजन एक किलो सातशे ग्रॅम. तिला चोवीस दिवस नवजात बाळांच्या विभागात ठेवले. सूनबाई तिला छातीशी उघड्या अंगाला बांधून तासन् तास बसायची.

एका दुपारी मुलगा बाहेर बाकावर बसला होता. फोन वाजला, नेहमीचाच नंबर. त्या दिवशी त्याने तो कट केला नाही. कानाला लावून शेवटपर्यंत ऐकला. मग बराच वेळ खाली मान घालून बसला. म्हणाला, “आई, हा फोन तिच्यासाठी होता. मी इतके दिवस कापत होतो.” दुसऱ्या दिवशी ओळखीच्या माणसाकडून जुना पण चालू फोन त्याने तीन हजारांत हप्त्याने आणला आणि तो सूनबाईच्या हातात दिला. सेविकेकडे जाऊन नोंदीतला नंबर बदलून घेतला.

बाळंतपण झाले म्हणजे दुखणे संपले, असे आपण समजतो. तेही खरे नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास रक्तदाब पुन्हा वर जाऊ शकतो. म्हणून घरी आल्यावरही मोजत राहायला सांगितले होते. नवव्या दिवशी १५२/१०० आला. या वेळी मी काही बोलले नाही. सूनबाईने स्वतःच्या फोनवरून फोटो पाठवला, अर्ध्या तासात गोळी वाढवायचा निरोप आला. पुढे सहा आठवडे तो नेम चालला. मग गोळी कमी होत बंद झाली. तरी डॉक्टरबाईंनी बजावले आहे की, ज्या बाईला गरोदरपणात असा रक्तदाब झाला, तिला पुढच्या आयुष्यात रक्तदाबाचा आणि हृदयाच्या आजाराचा धोका जास्त असतो. दरवर्षी मोजून घ्यायचे. पुढच्या वेळी दिवस राहिले तर पहिल्या तपासणीलाच ही हकीकत सांगायची. काही बायकांना सुरुवातीच्या महिन्यांतच एक हलकी गोळी सुरू करतात, त्याने धोका कमी होतो. ती डॉक्टरांनी द्यायची, आपल्या मनाने घ्यायची नाही.

घरोघरी आता मोबाईल झाले आहेत. ज्या घरात पोटुशी बाई आहे, तिथे तो कोणाच्या हातात असतो ते बघा. नाव नोंदवताना तिचा नंबर द्या. घरात एकच फोन असेल तर संध्याकाळी आकडा कोणाच्या फोनवरून जाईल ते आजच शेजारणीशी बोलून ठरवून ठेवा. तिच्या फोनचा रिचार्ज संपू देऊ नका. सेविकेचा नंबर भिंतीवर लिहा. त्याच्याखाली रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि आरोग्याचा सल्ला विचारायला १०४ लिहा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, ती चुकवू नका. यंत्र घेणे परवडत नसेल तर दोन-तीन घरांनी मिळून एक घ्या.

आणि डोके थांबत नाही, डोळ्यांपुढे चमकते, छातीखाली पोटात वरच्या बाजूला दुखते, तोंड-हात एकाएकी सुजतात, अशी कुठलीही तक्रार तिने सांगितली, तर आकडा कितीही असो, दवाखाना गाठा. “पहिलटकरीण आहे, व्हायचंच,” हे वाक्य आपल्या घरातून काढून टाका.

आमचे यंत्र आता त्याच शेजारणीकडे आहे. तिच्या थोरल्या मुलीला सातवा महिना चालू आहे. रोज संध्याकाळी सात वाजता सूनबाई नातीला कडेवर घेऊन तिकडे जाते आणि त्या मुलीला विचारते, “आजचा आकडा पाठवलास का?”